लोंबती किक

स्कूटर उद्या मेव्हणा घेऊन जाणार, तसं ठरलंय, असं दादाने सांगितलं तेव्हा त्याची नजर वर्तमानपत्रात होती आणि गुडघेताई दाराशी चपला घालत होती. तिने एक चप्पल घातली आणि दुसरी हातातच राहिली. दादा 'मी ठरवलं' असं कधी म्हणत नसे. त्या घरात गोष्टी आपोआप ठरत. खिडक्यांना कोणता रंग द्यायचा ते ठरायचं, वडिलांचा पलंग कोणत्या खोलीत ठेवायचा ते ठरायचं. कोणी ठरवलं, हे विचारायला त्या वाक्यात फटसुद्धा नसे.

लोकांच्या घरी जाऊन आखडलेले गुडघे, उतरलेले खांदे, लुळे पडलेले पाय हलते करायचे, हा गुडघेताईचा धंदा. त्या शिक्षणाचं नाव लांबलचक होतं, कोणाच्याच तोंडात बसेना, म्हणून गल्लीने हे सोपं नाव देऊन टाकलं. तिचे पेशंट शहराच्या चारी टोकांना विखुरलेले. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडेच तिला जायचं असे. स्कूटर गेली तर निम्म्या पेशंटना नाही म्हणावं लागलं असतं. टेकडीमागच्या वसाहतीतला सुतार नुकता पलंगाचा आधार सोडून उभा राहायला लागला होता. तिकडे बस जात नव्हती. तो पुन्हा पलंगावर गेला असता.

हे तिने सांगितलं. दादाचं म्हणणं, स्कूटर तुला झेपत नाही. किक खाली लोंबतेय, सगळी गल्ली बघते. तुला किक मारता येत नाही, तू लाथा घातल्यास आणि यंत्र बिघडवलंस. शिवाय ते जुनं धूड कधीतरी मोडीत जायचंच. दादा एका मोठ्या गोदामाचा कारभार बघे आणि 'मोडीत' हा त्याचा आवडता शब्द होता.

"स्प्रिंग झिजलीय," ती म्हणाली. "माझा पाय नाही झिजला."

दादाने पान उलटलं.

किक लोंबत होती, यात खोटं काही नव्हतं. दांडा खाली दाबला की तो वर यायचं नाव घेत नसे. स्कूटर सुरू झाली तरी तो तसाच रस्त्याकडे तोंड करून लटकायचा आणि आतून करकर असा दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. बटणाने सुरू होण्याची सोय केव्हाच बंद पडलेली. म्हणून गुडघेताई किक मारून झाली की खाली वाकायची, दांडा हाताने वर उचलायची आणि पेशंटच्या व्यायामाचा रबरी पट्टा त्याला बांधून वरच्या हुकाला अडकवायची. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रोज विचारायचा, काय गुडघेताई, आता स्कूटरलाही व्यायाम देता का. पहिल्यांदा ती हसली होती.

लाथा घातल्याचा आरोप तिला सगळ्यात झोंबला. तिला ही स्कूटर शिकवली वडिलांनी. दादा तेव्हा ऐपत आल्याबरोबर मोटारीकडे वळला होता. बाबा म्हणायचे, लाथ मारायची नाही. आधी पाय ठेव, जोर कुठे लागतो ते बघ, मग पाय दे. ती आजही पेशंटना चालायला शिकवताना हेच सांगे. पाय कसा द्यावा हे जिला अख्खं शहर विचारतं, तिला घरात ऐकावं लागत होतं की तुझा पाय चुकीचा पडतो.

पेशंट आटपून ती मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने किक एकदा खालीवर केली आणि विचारलं, घरी कोणी पुरुष माणूस आहे का. मग तिच्यासमोर उभं राहूनच त्याने दादाला फोन लावला. इंजिन उतरवावं लागेल साहेब, असं त्याने दादाला सांगितलं. तिला काहीच सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, तुमच्या भावाशी बोलणं झालंय.

"स्कूटर कोण चालवतं?" तिने विचारलं.

"तुम्हीच की."

"मग माझ्याशी बोला. इंजिन का उतरवायचं? ती स्प्रिंग डाव्या झाकणात असते."

मिस्त्री म्हणाला, ताई, तुम्ही डॉक्टरकीत शिकलेल्या, हे वेगळं असतं. तिने स्कूटर फिरवली. सुट्या भागांच्या दुकानात तिला पुन्हा विचारलं गेलं, कोणी पाठवलंय. तिने सांगितलं, मला मीच पाठवलंय. दुकानदाराने स्प्रिंग कागदात गुंडाळून देताना 'सांभाळून, उडते हं' एवढं मात्र सांगितलं. दिवसभरातलं हे पहिलं कामाचं वाक्य होतं.

झाकण तिने लहानपणी कितीदा उघडताना पाहिलं होतं. बाबा दुपारी जिन्याखाली स्कूटर घेऊन बसायचे आणि ती ताटली धरायची. त्या ताटलीत बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवायचे, म्हणजे परत बसवताना चूक होत नाही, ही बाबांची शिस्त. म्हणून घरी येऊन जिन्याखाली बसताना तिनेही ताटलीच घेतली. ती वहिनीच्या नव्या संचातली निघाली, त्यावर वरून आवाज आला, ताई, निदान जुनी तरी घ्यायची. वहिनीचं एकंदरीत म्हणणं मात्र कळायला मार्ग नव्हता. स्कूटर तिच्याच भावाकडे जाणार होती, पण ती त्याबद्दल हू की चू करत नव्हती.

बाबांची खुर्ची दारात आणून ठेवली होती. गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात जड झाला आणि शब्द निसटले. सगळे नाही. पण नेमका हवा तो शब्द हाताला लागत नसे, त्याच्या शेजारचा लागे. चष्मा हवा असला की ते 'डोळे' म्हणत. उशी मागायची तर 'चादर'. दार लावा म्हणायचं तर 'कडी, कडी'. शेजारच्या घरी पत्र टाकून जाणाऱ्या पोस्टमनसारखं. घरच्यांना गुडघेताईनेच शिकवलं होतं, की ते जे बोलतील त्याच्या शेजारी बघायचं. वहिनीला ते चांगलं जमू लागलं होतं. दादा म्हणे, मला वेळ नाही कोडी सोडवायला.

झाकण निघालं. आत काळ्या ग्रीसमध्ये किकचा कणा, त्याला दात्यांचा अर्धा चंद्र, आणि कण्याभोवती वेटोळं घालून बसलेली स्प्रिंग. ती पकडीत धरून बाहेर काढायलाही जोर लागला नाही. आकड्याचं टोक घासून सुईसारखं झालेलं, वेटोळी सैल पडून एकमेकींपासून लांब गेलेली. नवी स्प्रिंग शेजारी ठेवली तर शंका घ्यायलाच जागा नव्हती. गुडघेताईने ती जुनी स्प्रिंग वर नेऊन दादाच्या वर्तमानपत्रावर ठेवली. दादा म्हणाला, ग्रीस लागलं.

खाली येऊन तिने नवी स्प्रिंग बसवली. एक टोक झाकणाच्या खुंटीला, दुसरं अर्धचंद्राच्या खाचेत. अगदी जुनी बसली होती तशी. बोल्ट ताटलीच्या क्रमाने आवळले, किकचा दांडा चढवला, पाय ठेवला, जोर बघितला, आणि पाय दिला.

दांडा खाली गेला आणि खालीच राहिला.

दादा जिन्याच्या पायरीवर येऊन उभा होता. तो मोठ्याने हसला नाही, पण वाईट दिसेल इतपत हसला. "गुडघ्यांचाच धंदा," तो म्हणाला, "मेंदूही तिथेच गेला असेल."

आणि दारातल्या खुर्चीतून बाबा स्वच्छ आवाजात म्हणाले, "सुंभ."

गुडघेताईने मान वर केली. बाबा तिच्याकडेच बघत होते. त्यांनी डावा हात हलवून पुन्हा म्हटलं, "सुंभ! सुंभ!"

"बघ," दादा म्हणाला, "बाबांनासुद्धा कळलं."

मठ्ठ माणसाला सुंभ म्हणतात, हे तिला कोणी सांगायला नको होतं. शाळेत गणितं चुकली की दादाला बाबा हेच म्हणायचे. तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. तिने पाने गोळा केले, हात पुसले आणि त्या संध्याकाळी ती बाबांशी औषधापुरतं बोलली. सगळ्यांनी बोलावं ते बोलावं, पण ज्या माणसाला ती रोज उठवते, बसवते, ज्याच्या एकेका बोटासाठी ती झटते, त्यानेही दादाच्या बाजूने उभं राहावं! राग इतका, की वहिनीने आणून दिलेला चहा गार होऊन गेला.

रविवारी सकाळी राग बाजूला ठेवून व्यायाम घ्यावाच लागला. बाबांच्या हाताचा व्यायाम म्हणजे ओला पंचा पिळणे. दोन्ही हातांत पंचा धरायचा आणि उलटसुलट फिरवायचा. उजवा हात नुसता धरून राहायचा, डाव्याने काम करायचं. बाबांनी पंच्याला वेढा दिला, पाण्याचे थेंब बादलीत पडले, आणि थांबून, तो पिळलेला पंचा तिच्या नाकासमोर धरून ते म्हणाले, "सुंभ."

ती म्हणणार होती, हो बाबा, कळलं, मी सुंभ. पण तिचं लक्ष पंच्याकडे गेलं. मग त्यांच्या हाताकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी. आणि सुंभाच्या शेजारी, सगळ्या भाषेत एकच शब्द राहतो.

"पीळ?" ती म्हणाली.

बाबांनी असा काही सुस्कारा टाकला, की कालपासून ते कोणत्या मठ्ठांच्या घरात अडकून पडले होते ते तिला समजलं. सगळ्या घराला शेजारी बघायला शिकवणारी ती, स्वतःची पाळी आली तेव्हा दादाच्या शब्दावर विसंबून मोकळी झाली होती. दादाचा आला होता त्याहून जास्त राग तिला आता स्वतःचा आला.

आणि मग तिला ताटली आठवली. स्प्रिंग चढवायची वेळ आली की बाबा म्हणायचे, डोळे मिट. उडाली तर डोळ्यात जाईल. ती डोळे घट्ट मिटायची आणि उघडायची तेव्हा स्प्रिंग जागेवर असायची. मधलं काम तिने कधी पाहिलंच नव्हतं. नवी स्प्रिंग असली तरी नुसती अडकवून भागत नाही. ताणून, पीळ भरून बसवावी लागते. कालची स्प्रिंग नवी होती, पण झोपलेली होती.

तिने बाबांची खुर्ची अगदी स्कूटरजवळ नेली. झाकण पुन्हा उघडलं. टोकं अडकवली, आणि कणा अर्धवट बाहेर ओढून किक मारायच्या दिशेने फिरवायला लागली. स्प्रिंग उलटा जोर करू लागली. "अजून?" तिने विचारलं. बाबांनी भुवई वर केली. अजून. अर्धचंद्र त्याला थोपवून धरणाऱ्या अडणीच्या पलीकडे गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, सवयीने. तिने मात्र उघडे ठेवले आणि कणा आत दाबला. स्प्रिंगने झटका दिला आणि अर्धचंद्र अडणीला टेकून ताठ उभा राहिला.

ती शेवटचा बोल्ट आवळत होती तेव्हा मेव्हणा आला. दादा खाली उतरला, मागून वहिनी. गुडघेताईने कोणाकडे बघितलं नाही. पाय ठेवला, जोर बघितला, दिला. स्कूटर सुरू झाली आणि दांडा खट् करून जागेवर परतला. तिने बंद करून पुन्हा किक दिली. खट्. तिसऱ्यांदा दिली ती केवळ इस्त्रीवाला बघत होता म्हणून.

"छान," दादा म्हणाला. "म्हणजे आता देताना लाज वाटणार नाही."

गुडघेताई सरळ उभी राहिली. ग्रीसचे हात तिने पुसले नाहीत. मेव्हण्याकडे वळून तिने शांतपणे विचारलं, तुम्ही ही स्कूटर मागितली होती का. मेव्हणा गोंधळला. तो म्हणाला, मी कशाला मागू. मला दादांचा निरोप आला, ताईंना आता नको आहे, जागा अडते, घेऊन जा, असं ठरलंय म्हणून.

"मलाही तेच सांगितलं," वहिनी म्हणाली. "ठरलंय म्हणून. मला वाटलं, ताईंनी ठरवलं."

सगळे दादाकडे बघू लागले. दादाने इकडेतिकडे पाहिलं, जसं काही ज्याने ठरवलं तो माणूस तिथेच कुठेतरी उभा असेल. मग तो म्हणाला, की हे सगळं तिच्याच काळजीपोटी होतं, आणि घरात कोणीतरी चार गोष्टींचा विचार करायला नको का, आणि आता सगळ्यांसमोर तमाशा करण्यात काय अर्थ आहे.

"तमाशा नाही," ती म्हणाली. "मी ठरवलंय, एवढंच सांगतेय. स्कूटर राहील. मी. ऐकायला आलं?"

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"सुंभ," बाबा म्हणाले.

ते दादाकडे बघत होते. गुडघेताईने क्षणभर थांबून शेजारी बघितलं, पंचा नव्हता, दोरी नव्हती, पिळण्यासारखं काही नव्हतं. वहिनीनेही बघितलं आणि पदराने तोंड झाकलं. या वेळी पत्र बरोबर पत्त्यावर पडलं होतं.

मेव्हण्याला वहिनी चहाला वर घेऊन गेली. गुडघेताईने रबरी पट्टा हुकावरून सोडला, गुंडाळून पिशवीत टाकला आणि टेकडीकडे निघाली. रविवारी सुताराची पाळी नव्हती. तरी गेली.