डोळ्यांखालची वर्तुळं मिटवणारी पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनी रिटचिंगची, म्हणजे फोटो सुधारायची पेन्सिल आहे. पेन्सिल म्हटल्यावर तुम्हाला वही आठवेल, पण मी आजवर एक अक्षरही लिहिलेलं नाही. उमेदीची सगळी वर्षं मी माणसांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मिटवली.

माझा दांडा लाकडाचा आहे आणि टोकाला पितळी चिमटा आहे. त्या चिमट्यात शिशाची कांडी बसवायची आणि पॉलिशच्या कागदावर घासून सुईसारखी करायची. कांड्या झिजत गेल्या, मी उरले. कारखान्यातून निघाले तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात आम्ही बारा जणी होतो. बाकीच्या अकरा कुठे गेल्या, ते मला माहीत नाही. मी एका फोटो स्टुडिओच्या टेबलावर आले.

त्या काळी फोटो फिल्मवर निघत. फिल्म धुतली की निगेटिव्ह मिळायची आणि तिच्यात सगळं उलटं दिसायचं. केस पांढरे, चेहरा काळा. डोळ्यांखालचं वर्तुळ तिथे फिकट डागासारखं दिसे. त्या डागात मी बारीक बारीक रेघा भरायचे. निगेटिव्हवर मी काळं केलं, की छापलेल्या फोटोत तेवढी जागा उजळायची.

मला धरणाऱ्या माणसाला सगळे फोटोमास्तर म्हणत. तिरक्या काचेखाली दिवा लावून ते श्वास रोखून काम करत. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं, की ते त्याला बोलतं करत, आणि वर्तुळांची कारणं मला तिथेच कळत गेली. रातपाळीची परिचारिका झोपेला मुकलेली असे. हिशेबनीस दिवसभर आकड्यांत डोळे खुपसून बसलेला असे. बाळंतीण बाई थकलेली, रक्त कमी झालेली. म्हाताऱ्यांची कातडी वयाने पातळ झालेली, म्हणून खालच्या शिरा निळसर दिसत.

मी सगळ्यांना सारखीच वागणूक दिली. सगळ्यांची वर्तुळं गेली.

"मास्तर, दहा वर्षांनी लहान केलंत हो! आता माझे मालक मला ओळखणार नाहीत," एक बाई फोटो बघून म्हणाल्या होत्या.

"मग दोन प्रती घ्या," मास्तर म्हणाले, "एक त्यांना दाखवायला आणि एक ओळख पटवायला."

असं कौतुक ऐकलं की मी पितळेसकट फुलून जायचे. मला वाटायचं, आपण लोकांचं भलं करतो आहोत.

मास्तरांना एक मुलगी होती. घरात तिला टिल्ली म्हणत. दर वाढदिवसाला मास्तर तिला त्याच स्टुलावर बसवून फोटो काढत आणि मग तासभर मला हातात धरत. टिल्लीचा चेहरा माझ्या सगळ्यांत आवडीचा होता. आधी डास चावल्याची खूण, पडल्याचा ओरखडा, एवढंच काम असे. दहाव्या वर्षीच्या फोटोत डोळ्यांखाली फिकट सावली दिसली. मी ती मिटवली. अकराव्या वर्षी ती गडद झाली, तीही मिटवली. बाराव्या वर्षी मला दोन कांड्या लागल्या. मी लाड करत होते, मित्रांनो. निदान मला तसं वाटत होतं.

खरी टिल्ली मात्र सुकत चालली होती. नाक सदा चोंदलेलं, तोंड उघडं टाकून झोपायची, सकाळी उठवत नसे. वर्गात डुलक्या घेते, अशी बाईंची चिठ्ठी आली. पळापळीच्या खेळात पहिली असणारी मुलगी भिंतीला टेकून बसू लागली. मुलं तिला पांडा म्हणायची.

स्टुडिओमागच्या घरात उपाय सुरू झाले. आई दुपारी तिला आडवं करून डोळ्यांवर काकडीच्या गार चकत्या ठेवायची. कधी बटाट्याचा रस, कधी पाण्यात भिजवून निववलेल्या चहापत्तीची पुरचुंडी, कधी थंड दुधात बुडवलेला कापूस. त्याने डोळ्यांची सूज उतरे, टिल्लीला बरं वाटे, आणि दोन दिवसांत सगळं जिथल्या तिथे. टिल्लीची आत्या पाहुणी आली आणि तिने लिंबू पिळून लावलं. टिल्ली अशी किंचाळली की पुढे स्टुडिओतलं गिऱ्हाईक स्टुलावरून उठून उभं राहिलं.

"वन्सं, डोळा आहे तो, तांब्याचं भांडं नाही!" आई ओरडली.

"अगं, तुझ्याच वळणावर गेलीय पोर," आत्या म्हणाली. "लग्नात तुला पाहिलं तेव्हाच मी म्हटलं होतं, हिने काजळ खाली सांडलंय की काय! रक्तातच आहे ते. जायचं नाही."

आईचे हात थांबले. आईची वर्तुळं खरोखरच तिच्या आईकडून आली होती. त्या दिवसापासून घरात सगळ्यांनी हेच धरून ठेवलं, की टिल्ली आईवर गेली.

एक दिवस टिल्ली शाळेच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली. मास्तर तिला उचलून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

डॉक्टरीणबाईंनी खालची पापणी ओढून बघितली, नाकात बॅटरी मारली आणि विचारलं, "ही वर्तुळं कधीपासून?"

"जन्मापासूनच असतील," आई म्हणाली. "माझीही आहेत."

"छे, आत्ता आत्ता आली," मास्तर म्हणाले.

"एक काहीतरी ठरवा. रक्त तर मी तपासणारच आहे. पण कधी सुरू झालं ते कळलं, तर कुठे शोधायचं ते कळेल. अहो, तुमचा तर फोटोंचा धंदा! दर वर्षीचे फोटो असतील ना हिचे?"

टिल्लीच म्हणाली, "आहेत. पण त्यांतली वर्तुळं बाबांनी पुसून टाकलीत."

सदऱ्याआड मास्तरांचं काळीज धडधडत होतं, ते मला लागत होतं. मला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली.

घरी येताच मास्तरांनी टिल्लीच्या निगेटिव्ह काढल्या, कापसावर टर्पेंटाइन घेतलं आणि माझ्या रेघा पुसायला बसले. किती नाजूक काम होतं माझं! सगळं मिनिटभरात कापसावर उतरलं. मी बाजूला पडून बघत होते आणि मनात म्हणत होते, पुसा, लवकर पुसा.

संध्याकाळी पाच ओले फोटो दोरीवर ओळीने लटकत होते. आठव्या वर्षी डोळे स्वच्छ. नवव्या वर्षीही स्वच्छ. दहाव्या वर्षी सावली, मग गडद, मग त्याहून गडद.

"म्हणजे माझ्याकडून आलेलं नाही," आई हळूच म्हणाली. मग म्हणाली, "नऊ आणि दहाच्या मध्ये झालं काय?"

मास्तर दोरीजवळ उभे होते. त्यांनी एकदा जोरात श्वास घेतला आणि मागच्या फळ्यांच्या भिंतीकडे पाहिलं. टिल्ली नऊ वर्षांची असताना त्यांनी स्टुडिओ पुढून वाढवला होता आणि डार्करूम मागे आणली होती. फोटो धुण्याची आंबट, झोंबणारी रसायनं त्या फळ्यांपलीकडे तसराळ्यांत भरलेली असत. फळ्यांच्या अलीकडे टिल्लीची खाट होती.

"मीच," मास्तर म्हणाले आणि खाली बसले.

फोटो बघून आणि त्या भिंतीबद्दल ऐकून डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. त्या वासाने नाक आतून सुजतं, डोळ्यांखालचं रक्त साचून राहतं, तिथली कातडी पातळ म्हणून ते काळं दिसतं. त्यात मूल डोळे चोळतं, झोप मोडते. शिवाय टिल्लीच्या रक्तात लोहही कमी निघालं.

"काकडी ठेवा, गारवा मिळतो," त्या आईला म्हणाल्या. "पण काकडी कारण घालवत नाही. लिंबू मात्र डोळ्यांच्या आसपास आणू नका. खाट हलवा, पालेभाजी आणि डाळी पोटात जाऊ द्या, पाणी भरपूर, आणि झोप पुरी."

खाट त्याच दिवशी हलली. महिनाभरात डार्करूम अंगणापलीकडे गेली. नाकाचं औषध सुरू होतं. सहा महिन्यांनी टिल्ली पुन्हा पळू लागली. वर्तुळं अगदी गेली नाहीत, पण फिकी झाली. तेराव्या वाढदिवसाची निगेटिव्ह मास्तरांनी तशीच छापली. त्यानंतर तिच्या चेहऱ्याला मी कधी लागले नाही. खरं सांगू? मला त्या चेहऱ्याची फार आठवण येते.

पुढे फिल्म गेली. स्टुडिओत संगणक आला, मग स्टुडिओच बंद झाला. मी खणात पडले. चिमट्यावर हिरवट कळंक चढला आहे. मास्तरांची नजर आता अधू झाली आहे, तरी अधूनमधून ते मला बाहेर काढतात, बोटांत धरतात आणि परत ठेवतात. आम्ही दोघंही कशाची वाट बघतो, ते एकमेकांना सांगत नाही.

टिल्ली दूरच्या गावी नोकरीला आहे. दोन वर्षांत आलेली नाही. दर रविवारी दुपारी तिचा फोटो येतो. हल्ली फोनच चेहरा गुळगुळीत करून देतो, पेन्सिल लागत नाही. गेल्या रविवारी मास्तर तो फोटो भिंगातून बराच वेळ बघत होते. मी टेबलावरच होते. मग त्यांनी फोन लावला.

"टिल्ले, हा कुणाचा फोटो पाठवलास?"

"कुणाचा म्हणजे? माझाच की, बाबा!"

"हा नको. ते पुसणारं बंद कर आणि पुन्हा काढ."

"आता तुम्ही मला शिकवणार? अख्ख्या गावाचे चेहरे पुसलेत तुम्ही!" ती हसली.

"म्हणूनच सांगतोय. काढ."

दुसरा फोटो यायला वेळ लागला. तो आला, मास्तरांनी भिंग जवळ नेलं. डोळ्यांखाली दोन गडद वर्तुळं होती.

"झोप नाही ना लागत?" त्यांनी विचारलं.

ती म्हणाली, "नाही, बाबा." आणि बोलू लागली. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली आणि मधे एक शब्दही न बोलता ऐकत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणाच्या तरी डोळ्यांखाली सावली असेल. आईच्या असेल, आजोबांच्या असेल, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या असेल. तिला हसू नका आणि ती झाकायची घाईही करू नका. जवळ जाऊन एकदा विचारा, कधीपासून? मी एवढे चेहरे इतक्या जवळून पाहिले, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.