परक्या घरची आंघोळ

ग्रामसभेत गुरुदास परब बोलायला उभे राहिले की माइकची गरज पडत नसे. एसटी स्टँडवर वर्षानुवर्षं गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेला तो आवाज. कणकवलीची गाडी आणि गावाचे दोष ते एकाच सुरात जाहीर करत.

त्या दिवशी विषय होता वरच्या वाडीच्या पाण्याचा. गावात नळयोजना आली, टाकी झाली, पण डोंगराच्या अंगाला वसलेल्या वरच्या वाडीत नळाला नुसती हवा येई.

"ही यंत्रणाच सडलेली आहे," गुरुदास म्हणाले. "जबाबदारी म्हणून कुणाला नाही."

सरपंच संचिता वयाने लहान होती आणि चिडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "काका, टाकी रोज भरते. पाइपही फुटलेला नाही. खालच्या वाडीत लोकांनी नळालाच मोटरी जोडल्यात, त्या सगळं पाणी ओढून घेतात. पाणी समितीचं अध्यक्षपद रिकामं आहे. तुम्ही घ्याल?"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर नाही म्हणणं गुरुदासांना कधीच जमलं नव्हतं.

घरी बायको, शर्मिला, मागच्या दारी बांगडे साफ करत होती. "खालच्या वाडीतली एकेक मोटर आता सुटतली," त्यांनी जाहीर केलं.

"बरा," ती म्हणाली. "आपली पयली काय शेवटची?"

नळाशेजारी पालथ्या घमेल्याखाली त्यांची स्वतःची मोटर होती. ते तिला विसरले होते असं नाही. पण शेजारच्या बाळाने लावली म्हणून नाइलाजाने आपण लावली, तेव्हा दोष बाळाचा, असा त्यांचा मनातल्या मनात निकाल लागलेला होता.

"सगळ्यांनी काढल्यो काय मी काढतलंय."

"सगळे ह्याच म्हणतले," शर्मिला म्हणाली आणि बांगड्यांवर मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पाहणीला वरच्या वाडीत गेले. चढ चढून दम लागला, तेव्हा काशीबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला. एकट्या राहणाऱ्या या बाई उतारावरच्या विहिरीवरून कळशीने पाणी आणत. त्या पाण्याचा चहा घोटाघोटाने पिताना गुरुदासांना जरा जड जात होतं. काशीबाईंची मात्र कसलीच तक्रार नव्हती.

"तुमची मोटर बरी आसा हां, भाऊ," त्या म्हणाल्या. "सकाळी तिची घरघर हय वर आयकाक येता. ती सुरू झाली काय माका कळता, आज नळाची वाट बगूक नको. मगे मी कळशी घेवन बावीर जातंय."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर गुरुदासांनी उत्तर दिलं असतं. ते चहाची बशी ठेवून उठले आणि तडक उतार उतरू लागले. घरी येऊन त्यांनी पाना शोधला आणि मोटर सोडवायला बसले. नट सुटला तसा पाइपातल्या पाण्याचा फवारा तोंडावर आला. शर्मिलाने खाली बादली धरली.

दुसऱ्या दिवशी नळ खोकला आणि थेंब थेंब गळू लागला.

"जेवणापुरता आसा," शर्मिला म्हणाली. "आंघोळ खंय करतल्यात ता बगा."

गुरुदासांनी खांद्यावर पंचा टाकला आणि बाळाचं घर गाठलं. बाळाची मोटर जोरात चालू होती.

"न्हाऊक इलंय," ते म्हणाले. "माझ्या नळाक पाणी नाय."

"माका टोमणो मारतास?" बाळाने विचारलं.

"नाय रे. तुझ्याकडे आसा म्हणान इलंय."

खरंच त्यांच्या मनात तेवढंच होतं. बाळाने हसून बादली दिली. न्हाणीत त्यांनी आरती म्हटली, ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली. मग चहा झाला. रोज त्याच घरी जाणं बरं दिसत नाही म्हणून पुढच्या दिवशी ते दुसरीकडे गेले, त्यानंतर तिसरीकडे. जिथे मोटर, तिथे आंघोळ. मागून शर्मिला धुण्याची टोपली घेऊन येऊ लागली. मोटर काढा असा शब्द दोघांपैकी कुणीच काढला नाही.

पण पाहुणा न्हाणीत आरती म्हणत असताना स्वतःच्या मोटरीची घरघर ऐकणं लोकांना जड जाऊ लागलं. शिवाय साबण संपत होता. एका घरातली मोटर "बिघडली", दुसऱ्याने मुलीच्या सांगण्यावरून काढली, तिसऱ्याने कारणच सांगितलं नाही. आणि ज्याने काढली, त्याच्या घरी पाणी पुरेना, म्हणून तोही पंचा घेऊन बाहेर पडू लागला.

शेवटी मोटर उरली फक्त बाळाची. एका सकाळी त्याच्या अंगणात पंचे खांद्यावर टाकलेले पुरुष पडवीपासून फाटकापर्यंत उभे होते. गुरुदास अर्थातच पुढे. बाळाची बायको जानकी झिजलेली साबणाची वडी हातात धरून बाहेर आली.

"माझा घर काय तीर्थाचा कुंड आसा?" तिने नवऱ्याला विचारलं. "सांजेपर्यंत ही मोटर माका दिसता नये."

बाळाने सर्वांसमोर पाना घेतला. "मी कोणाच्या सांगण्यावरून काढूक नाय," त्याने बजावलं.

"नायच," सगळे म्हणाले. गुरुदासांना दोन शब्द बोलायचे होते, घसाही त्यांनी साफ केला. शर्मिलाने कुंपणापलीकडून पाहिलं, आणि त्यांनी नुसतीच मान हलवली.

वरच्या वाडीत पाणी चढलं ते करंगळीएवढं. काशीबाईंनी आधी त्यावर विश्वास ठेवला नाही. पहिली कळशी भरल्यावर त्यांनी नळ बंद केला, थोडं थांबल्या, पुन्हा उघडून पाहिला. पाणी होतं. मग त्यांनी शेजारणीला हाक मारली.

खालच्या वाडीतही आता धार बारीकच असते. बादली भरायला वेळ लागतो. गुरुदास आणि शर्मिला सकाळी नळापाशी उभे राहतात, ती मुलीच्या सासरचं काहीबाही सांगते, ते हळू आवाजात उत्तरं देतात. पूर्वी मोटरीच्या आवाजात इथे बोलणं शक्यच नव्हतं. बादली काठोकाठ भरून वाहू लागते, तरी कधीकधी दोघांच्या लक्षात येत नाही, आणि मग शर्मिला घाईघाईने नळ बंद करते.