पोट न पाहता लावलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी मेलो आहे, पण विसरलेलो नाही. मी खसखशीच्या दाण्याएवढा एक जुना पाणभुंगेरा. ओल्या दगडावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो ना, त्यात शेवाळ खरवडून सुखात जगत होतो. एका संशोधक बाईंनी ओल्या कुंचल्याने मला उचललं. तिथे माझं जगणं संपलं आणि नोकरी सुरू झाली.

संग्रहालयाच्या मोठ्या साहेबांनी मला टाचणीवरच्या कागदी टोकाला डिंकाने चिकटवलं, तेही पालथं. आमचा उपगण, म्हणजे भुंगेऱ्यांची आमची शाखा, छोटी; त्यात घराणी चारच. आमची ओळख पोटाकडच्या शिवणीत आणि डाव्या जबड्यावरच्या हलत्या दातात. ते सगळं डिंकात बुडालं. साहेबांनी नुसती पाठ पाहिली, मला दूरच्या एका बड्या खानदानात ढकललं आणि माझ्या टाचणीवर टोचायच्या ओळखीच्या चिठ्ठीवर झोकात सही ठोकली.

बाईंनी सांगून पाहिलं की पोट बघितल्याशिवाय नातं ठरत नाही. साहेब हसले.

"अहो बाई, एवढ्याशा किड्याला कसलं आलंय घराणं?"

पुढे याच चिठ्ठीवर बोट ठेवून त्यांनी माझ्या घराण्यावरचा बाईंचा प्रबंध दोनदा परत पाठवला. सात वर्षं गेली. लोक मूग गिळून गप्प बसतात, मी डिंक गिळून बसलो.

तिसऱ्या खेपेला बाईंनी परीक्षकांसमोरच कोमट पाण्याचा थेंब सोडून मला उताणं केलं, सुईने जबडा उघडला. साहेबांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावाच लागला. किती वाट पाहिली होती मी त्या डोळ्याची! शिवण होती. दात होता. परीक्षकांनी तिथेच प्रबंध मान्य केला.

सगळे उठल्यावर साहेबांनी हळूच चिमटा उचलला. म्हणाले, जुनी चिठ्ठी काढून टाकू, उगाच घोळ नको.

बाईंनी चिमटा काढून घेतला. "सर, जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते. नवी तिच्याखाली टोचायची. पहिल्याच दिवशी तुम्हीच शिकवलंत."

आता माझ्या टाचणीवर दोन चिठ्ठ्या आहेत. खाली माझं खरं घराणं. वर साहेबांची चूक, सहीसकट. साहेब निवृत्त होतील, एक दिवस माझ्यासारखेच खपतील. ती चिठ्ठी हलायची नाही. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मित्रांनो, लहानांना जपून हाताळा. कुणावर चिठ्ठी डकवण्याआधी त्याला एकदा उलटून बघा. दयेपोटी नको, धाकापोटी बघा. आम्ही मेल्यावरही साक्षीला उभे राहतो.