'तेरा'च्या परवान्याची एकच अट

मित्रांनो, दुकानाचा परवाना गल्ल्यामागे टांगतात, बंदुकीचा कपाटात जपतात, गाडीचा खिशात बाळगतात. मी यांतला कोणीच नाही. मी एका सॉफ्टवेअरचा जुना परवाना आहे. फोल्डरच्या तळाशी पडलेली एकवीस ओळींची फाइल, एवढाच माझा देह. मला कोणी टांगत नाही, जपत नाही आणि उघडत तर मुळीच नाही. तरीही माझ्याजवळ सांगण्याजोगे आयुष्य आहे. एका बाईचे नाव सांभाळण्याचे काम माझ्यावर सोपवले होते आणि ते मला जमले नाही.

माझा जन्म आमच्या देशातल्या बहिर दार शहरात, एका लसीकरण केंद्राच्या नोंदणी खोलीत झाला. तिथे वुबालेम कामाला होती. चोवीस वर्षांची, गणिताची पदवीधर, हळू बोलणारी. शेजारच्या टेबलावर जुने कारकून बिरहानू बसत. सगळे त्यांना गाशे म्हणत. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे तसेच म्हणतात.

आमचे वर्ष तेरा महिन्यांचे. तीस-तीस दिवसांचे बारा, आणि शेवटी पाच, लीप वर्षी सहा, दिवसांचा इवलासा पागुमे. परदेशी दात्यांनी केंद्राला दिलेल्या संगणकाला मात्र बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. पागुमेत जन्मलेले मूल नोंदवायला गेले की तो लाल अक्षरांत 'असा महिना नाही' असे बजावी. मूल समोर टाहो फोडत असे, तरी त्याचे म्हणणे तेच. मग नर्सबाई नाइलाजाने त्या मुलाला पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, म्हणजे थेट नववर्षाच्या दिवशी जन्माला घालीत.

"एका दिवसात एक्केचाळीस पोरं!" गाशे वही चाळत म्हणाले. "आणि नऊ महिने मागे गेलं तर नाताळाआधीचे उपास येतात. म्हणजे गावात उपास पाळत कोण होतं? पाद्रीबाबांच्या कानावर घालू नकोस हो."

"गाशे, हसू नका. या सगळ्यांच्या लशीच्या तारखा चुकतायत."

"मग पोरांना सांग, पुढच्या खेपेला महिना बघून या म्हणावं."

वुबालेमने पोरांना काही सांगितले नाही. तिने आठ महिने खपून स्वतःच एक सॉफ्टवेअर लिहिले. आमची तारीख दिली की ते बाहेरच्या जगातली तारीख सांगे, बाहेरची दिली की आमची. आणि पागुमेला बघून लाल होत नसे. तिने त्याचे नाव ठेवले 'असरा सोस्त'. असरा सोस्त म्हणजे तेरा. त्या 'तेरा'चा परवाना म्हणजे मी.

मित्रांनो, इथे एक कबुली द्यायला हवी. माझ्या एकवीस ओळींपैकी वीस ओळी जगभर जशाच्या तशा फिरतात. वुबालेमने त्या कुठून तरी उचलल्या, जशा सगळेच उचलतात. नक्कल कशी करावी हे सांगणारा मी, मीच मुळात नक्कल आहे. माझी स्वतःची म्हणावी अशी ओळ एकच. तीत एक साल आहे आणि एक नाव.

ती ओळ लिहायच्या आधी खोलीत कॉफीची तिसरी फेरी चालू होती.

"म्हणजे हे कोणीही फुकट घ्यायचं?" गाशेंनी विचारले.

"कोणीही. घ्या, वापरा, बदला, वाटा, वाटलं तर विका."

"आणि तुला काय?"

"माझ्या नावाची ओळ आणि हा परवाना काढायचा नाही. अट एकच."

"अस्सं. म्हणजे कोंबडं कापून गावाला जेवू घालायचं आणि म्हणायचं, पिसं तेवढी परत आणून द्या."

"पिसं नकोत मला. कोंबडं कोणाचं होतं तेवढं सांगा."

"पोरी, जेवलेला माणूस ढेकर देतो. कोंबडं कोणाचं ते सांगत बसत नाही."

वुबालेमने ओळ लिहिली: कॉपीराइट २००३, वुबालेम अदमासू. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर २००३ होते, केंद्राच्या शिक्क्यावर २००३ होते, म्हणून माझ्यावरही २००३ आले. बाहेरच्या जगात तेव्हा २०११ चालू होते. जिने एका जगातली तारीख दुसऱ्या जगात नेणारे यंत्र बनवले, तिला माझी ओळ त्या यंत्रातून काढावी असे सुचले नाही. घरातल्या घरात कोणी तारीख बदलून घेते का?

पुढची काही वर्षे सुखाची गेली. 'तेरा' गोंदर शहरातल्या दवाखान्यांत गेले, एका बँकेत गेले, शाळांच्या निकालपत्रकांत गेले. कुण्या अनोळखी माणसाने त्यातली लीप वर्षाची एक चूक दुरुस्त करून पाठवली आणि खाली लिहिले, 'ताई, तुमचे हात गोड होवोत.' वुबालेमने ते पत्र छापून टेबलाच्या काचेखाली ठेवले. जिथे जिथे 'तेरा' गेले तिथे तिथे मीही गेलो, मुक्याने. परवान्याची कोणाला आठवणही येत नाही, तोवर सगळे ठीक चालले आहे असे समजावे.

मग ज्या संकेतस्थळावर तिने आम्हाला ठेवले होते, ते बंद पडले. वुबालेमने सगळे उचलून दुसरीकडे हलवले. नव्या घरमालकाने आमच्या कपाळावर हलवल्याच्या दिवसाची तारीख मारली, तीही बाहेरच्या जगातली: २०१६. जुन्या घराचा दाखला कोणाकडेच उरला नाही. आम्ही कधीपासूनचे, हे सांगणारा जगात मी एकटा राहिलो. माझी ती एक ओळ.

आता त्या कंपनीकडे येतो. ती राजधानीतली आहे. तिचे नाव सांगत नाही. तिने आमचे सांगितले नाही, आम्ही तिचे सांगत नाही. तिने 'तेरा' घेतले, त्याला निळा रंग दिला, नवे नाव दिले. इथवर माझी हरकत नव्हती. मी स्वतःच तशी मुभा दिली आहे. पण मग त्यांनी मला उघडले. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी इतके लक्षपूर्वक वाचले, आणि ते पुसण्यासाठी. माझी पहिली ओळ गेली, अट गेली. शेवटच्या आठ ओळी मात्र त्यांनी शब्दशः ठेवल्या. त्या ओळींत लिहिले आहे की काही बिघडले तर जबाबदारी आमची नाही. वर नवी ओळ चढवली: कॉपीराइट २०१५, सर्व हक्क राखीव.

वुबालेमला हे कळले तेव्हा तिने फोन केला. मी तिच्या लॅपटॉपमध्ये होतो. फोन शेजारीच होता.

पलीकडचा माणूस अत्यंत नम्र होता. "बाई, तुमचं सॉफ्टवेअर मुक्त होतं ना?"

"मुक्त होतं. अनाथ नव्हतं."

"बरोबर आहे तुमचं. पण आमच्या प्रतीत तुमचा परवाना कुठे दिसत नाही. असता तर आम्ही नक्की पाळला असता."

वुबालेमने फोन ठेवला. गाशे म्हणाले, "सोड गं. दुसरं लिही." तिने सोडले. चोराशी भांडायला वकील लागतो, आणि दुसरे लिहायला नुसती रात्रंदिवसाची मेहनत. स्वस्त ते तिने निवडले.

पण एक गोष्ट तिला सोडता येईना. दर शनिवारी ती नर्सबाईंना फळ्यावर तारखांचे गणित शिकवी, आणि शिकवताना तिचा आवाज मोठा होई. शहराबाहेर नुकत्याच निघालेल्या एका तंत्र महाविद्यालयात शिक्षकाची जागा निघाली. वरची पदवी नसेल तर 'स्वतः केलेले उल्लेखनीय काम' चालेल, असे जाहिरातीत होते. वुबालेमने 'तेरा' जोडले. सोबत माझी छापील प्रत जोडली. म्हणून पुढची बैठक मला प्रत्यक्ष बघायला मिळाली.

सकाळी तीन वाजता (आमचे तास सूर्योदयापासून मोजतात), म्हणजे ऊन चांगले वर आल्यावर, निवड समितीचे प्रमुख डॉक्टर यिल्मा यांनी तिला आत बोलावले. समोर परदेशी परीक्षकाचा अहवाल होता. त्यात तिला आदराने 'श्री. अदमासू' म्हटले होते. अदमासू तिच्या वडिलांचे नाव. त्यांनी जन्मभर मेंढ्या विकल्या आणि बटण दाबले ते फक्त रेडिओचे. अहवालात लिहिले होते की श्री. अदमासूंचे काम एका नामांकित कंपनीच्या २०१५ सालच्या सॉफ्टवेअरशी जवळजवळ तंतोतंत जुळते. शिवाय परवान्यावर २००३ साल घातले आहे. हे काम संगणकाच्या ज्या भाषेत आहे, ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती, आणि अर्जदार सोळा वर्षांचे होते. सबब, मजकूर चोरलेला व साल बनावट.

वुबालेमने माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाली, "डॉक्टर, हे आपलं २००३ आहे."

"मला कळतंय."

"तुमच्या मागे भिंतीवर जी दिनदर्शिका आहे ना..."

"वुबालेम, मला कळतंय म्हटलं ना! माझं लग्न झालं त्याच साली." डॉक्टर यिल्मांनी चष्मा काढला. "पण नियम सात बघ. अर्ज व जोडपत्रांतील सर्व तारखा युरोपीय पद्धतीने द्याव्यात. परवाना जोडपत्र आहे की नाही?"

"आहे."

"मग? अगं, जगाच्या तारखा बदलून देणारं सॉफ्टवेअर तू लिहिलंस, आणि स्वतःच्या नावाशेजारची तेवढी बदलली नाहीस? मी त्या परीक्षकाला काय कळवू?"

"जे खरं आहे ते."

"खरं कळवायचा रकाना नाहीये अर्जात. चूक दुरुस्त करायचा आहे. पण आज दुरुस्त केलीस, तर दुरुस्तीवर आजची तारीख पडेल. म्हणजे बनावट साल पकडल्यावर बदललं, असं होईल."

तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येते. बनावटीचा शेरा असलेल्या अर्जाची प्रत लसीकरण केंद्रालाही जाणार होती, कारण नियम आठ तसा होता. असा शेरा बसला की आहे ती नोकरीही जाते. डॉक्टरांनी दोन दिवस कंपनीशी फोनाफोनी केली आणि खरोखर मनापासून एक वाट काढली.

कंपनीने पत्र पाठवले. त्यात लिहिले होते की वुबालेम अदमासू यांनी कंपनीचे सॉफ्टवेअर कंपनीच्या परवानगीने वापरले असून त्याबाबत कंपनीची तक्रार नाही. चोरीचा प्रश्न मिटला, सालाचा प्रश्न 'टंकलेखनातील चूक' म्हणून मिटला. कंपनीच्या सॉफ्टवेअरवरचे प्रभुत्व हेच 'उल्लेखनीय काम' मानून जागा तिला मिळत होती. अट एवढीच की तिच्याकडच्या सर्व प्रतींवर कंपनीची ओळ लागावी, आणि जिथे जिथे हे सॉफ्टवेअर शिकवले जाईल तिथे तिथे कर्ता म्हणून कंपनीचे नाव घेतले जावे.

गाशेंनी ते पत्र दोनदा वाचले. त्यांना पहिल्यांदाच थट्टा सुचली नाही. "तुझ्याच पोराला कडेवर घ्यायची परवानगी देतायत," ते म्हणाले. "वर सही मागतायत."

"आणि नाही केली सही, तर?"

"तर तू चोर. आणि बनावट कागद करणारी."

"केली तर?"

गाशेंनी कॉफीचा पेला तिच्याकडे सरकवला.

वुबालेमने सही केली. मग लॅपटॉप उघडून माझ्या फाइलवर आली. तिने मला पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, आपल्या नावावर थोडी थांबली, आणि पुसले. मी तिला दोष देत नाही. परवान्याला मरण एकदाच येत नाही, प्रत्येक प्रतीला वेगवेगळे येते. राजधानीत मेलो तेव्हा मला राग आला होता. या वेळी नुसतीच लाज वाटली. मला सोपवलेले नाव वाचवण्यासाठी तिला ते नाव पुसावे लागले होते.

आता मी गोंदरच्या काही जुन्या संगणकांवर आहे, आणि आणखी एका ठिकाणी आहे. वुबालेमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने कुठल्याशा दवाखान्यातून 'तेरा'ची जुनी प्रत आणली. तिच्या लॅपटॉपमध्ये मीही आलो. त्या दिवशी वुबालेम फळ्याजवळ उभी राहून पागुमेचे गणित शिकवत होती. आवाज चांगला मोठा होता. त्या मुलीने मला उघडले आणि भर वर्गात पहिली ओळ वाचली.

"बाई, इथे लिहिलंय, कॉपीराइट २००३, वुबालेम अदमासू. तुम्हीच ना ह्या?"

वर्ग माना वळवून बघू लागला. वुबालेमने खडू खाली ठेवला. हातावरची पांढरी भुकटी झटकली.

"या सॉफ्टवेअरचा कर्ता कोण, तेवढं वहीत लिहून घ्या," ती म्हणाली, आणि तिने कंपनीचे नाव सांगितले. अक्षर न अक्षर स्पष्ट, सगळ्यांना लिहिता येईल असे. मुले ते लिहून होईपर्यंत ती थांबली, आणि मग पुन्हा पागुमेकडे वळली.

मित्रांनो, दुसऱ्याने मोकळ्या हाताने दिलेले काही तुम्ही घ्याल, तेव्हा त्याचे नाव सांभाळा. त्याला दुसरे काही नको असते. ते कसे सांभाळायचे, हे मला नीट शिकवता येत नाही; माझे उदाहरण फारसे चांगले नाही. मिळालेला परवाना शब्दशः, अटीसकट पाळणारे माणूस मी माझ्या आयुष्यात एकच पाहिले आहे. ती मंगळवारी आणि गुरुवारी शिकवते. जमल्यास तिच्याकडून शिका.