शेवटच्या नावानंतर

रविवारी दुपारी तीन वाजता आकडा एकसष्ट होता आणि सहाच्या आत तो पाचशे व्हायला हवा होता. नाहीतर गिरजाबाई तीन वर्षं कुलपात.

म्हणजे गिरजाबाई नव्हे, तिचा सिनेमा. पण भय्याजी रामटेक्यांच्या लेखी दोन्ही एकच. गिरजाबाई त्यांची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी. भिलाईचा प्लांट उभा राहत होता तेव्हा भंडाऱ्याकडून आलेली ही सोळा वर्षांची पोरगी डोक्यावर गिट्टीचं टोपलं घेऊन शिड्या चढायची. त्याच मजुरीवर तिनं कडेवरच्या भावाला वाढवलं, शिकवलं आणि पुढे त्याच प्लांटच्या रेल मिलमध्ये चिकटवलं.

भय्याजींची पोरगी आम्रपाली. तिनं आत्याच्या त्या दिवसांवर अठ्ठेचाळीस मिनिटांचा सिनेमा केला, नाव ‘गिरजाची चुंबळ’. थिएटरवाल्यांनी दारात उभं केलं नाही. शेवटी इंटरनेटवर सिनेमे दाखवणारी एक कंपनी तयार झाली, पण अट घालून. शुक्रवार ते रविवार फुकट दाखवू. पाचशे जणांनी आपापल्या फोनवर, आपापल्या नंबरानं, शेवटपर्यंत पाहिला तर देशभर लावू. नाही पाहिला तर उतरवू, आणि तीन वर्षं तो दुसरीकडे कुठंही दाखवायचा नाही. सही आम्रपालीची होती. सही कर म्हणणारे भय्याजी.

“पाचशे?” ते म्हणाले होते. “पाचशे लोक तं माह्या मयतीले येतील, अन् मी अजून आजारी बी पडलो नाही.”

त्यांचा हा भरवसा अगदीच हवेतला नव्हता. सिनेमाचे पैसे त्यांनीच उभे केले होते. आम्रपाली म्हणाली होती, ऑनलाइन मागू. भय्याजींनी सरळ पावतीबुक छापलं आणि जयंतीची वर्गणी मागावी तसे सेक्टर २ पासून भिलाई-३ पर्यंत दारोदार फिरले. प्रत्येकाला एकच वचन: पडद्यावर नाव येईल. नावाची किंमत भय्याजींना ठाऊक होती. विहारातल्या पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं रंगवली आहेत. एकदा ऐन मे महिन्यात वंदना चालू असताना एका पाहुण्याला आपल्या बापाचं नाव वाचायचं होतं, म्हणून पंखा बंद करावा लागला. मग शेजारच्या पात्यावरच्या माणसाच्या पोरालाही वाचायचं होतं. भय्याजी सांगतात, त्या दिवशी दोन जण घेरी येऊन पडले, पण तक्रार कोणी केली नाही.

तर अशी तीनशे चाळीस नावं. सिनेमा संपल्यावर ती सावकाश वर सरकत जायची, पूर्ण नऊ मिनिटं. पहिलं नाव श्री. भय्याजी रामटेके.

“बाबा, इकडे या,” आम्रपाली लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली. “सातशे चौदा लोकांनी सिनेमा उघडला. अन् पूर्ण पायला एकसष्ट लोकांनी.”

“असं कसं होईल? अख्खी हुडको कॉलनी पायला म्हणून राहिली.”

“पायलाच ना. पण नावं लागली की आपलं नाव येतवरी थांबते. नाव आलं की फोटो काढते, अन् बंद. कंपनी नावांसकट मोजते. शेवटचा सेकंद झाल्याशिवाय गिनती में आता ही नहीं. पुढं ढकलला तरी नाही चालत.”

तेवढ्यात शेजारची ठकूबाई दारात आली. भय्याजींनी तिलाच विचारलं, “ठकूबाई, सिनेमा पायला का?”

“पायला नाही तं काय. सासूचं नाव आलं, डोळे भरले माहे. जिंदगीभर बुढीनं मले चहा नाही विचारला, पण नाव पाहून कसंसंच झालं.”

“मंग?”

“मंग बंद केला. पुढं गजभियेचं नाव होतं. ते मी कायले पाहू?”

आम्रपालीनं फोन लावायला सुरुवात केली. जिथं सोडला तिथून पुढं पाहा, फक्त काही मिनिटं लागतील, असं ती सांगत होती. समोरून सगळे गोड बोलत होते. देख लिया दीदी, मस्त था. हो हो, पाहतो जेवून. पावणेचारला आकडा झाला चौऱ्याहत्तर.

पलीकडे खाटेवर गिरजाबाई लाखोरीची डाळ निवडत बसली होती. तिला यातलं किती कळत होतं कोण जाणे. तिनं एकदाच मान वर केली. “कावून रे भय्या, घाम कायचा आला तुले?”

“काही नाही बाई. उकडून राहिलं.”

तीन वर्षं. त्र्याऐंशीत तीन मिळवायला भय्याजींना कागद लागला नाही. त्यांनी चपला घातल्या, ठकूबाईला अंगणात गाठलं आणि आवाज खाली आणला. “तुले म्हणून सांगतो, कोणापाशी बोलू नको. नावं संपली ना, की शेवटी वर्गणी बुडवणाऱ्याचं नाव दाखवलं हाये. हो म्हणून ज्यानं दिले नाही त्याचं.”

“बाप्पा. कोनाचं?”

“ते मी आपल्या तोंडानं कसं सांगू?”

ठकूबाईनं हातातली वाटी तिथंच पायरीवर ठेवली आणि निघाली. हुडकोच्या किराणा दुकानापाशी एका बुडव्याचे तीन झाले. सेक्टर २ च्या क्वार्टरांत पोचेपर्यंत अकरा झाले, बुडवलेल्या रकमांसकट. भिलाई-३ ला गाडीच्या आधी बातमी पोचली, तेव्हा बुडव्यांचे फोटोसुद्धा लागले होते.

साडेचारला आकडा एकशे नव्वद. पाचला तीनशे ऐंशी. आम्रपाली खुर्चीवरून उठून उभी राहिली. “बाबा, काय केलं तुमी?”

भय्याजींनी मिशीवरून हात फिरवत सगळं सांगितलं. पोरगी हसेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती हसली नाही.

“बाबा, तुमी शेवट पायला नाही का?”

“पायला ना.”

“खरं सांगा.”

तिनं त्यांचा फोन उचलून सिनेमा उघडला. तो जिथं थांबला होता तिथं पडद्यावर एकच नाव होतं. श्री. भय्याजी रामटेके.

नऊ मिनिटं भय्याजी लोकांची नावं पाहत उभे राहिले. शेवटचं नाव वर सरकून गेलं, पडदा काळा झाला, आणि मग गिरजाबाई दिसली, याच खाटेवर. मागून आम्रपालीचा आवाज आला, “आत्या, बाबानं किती दिले?”

गिरजाबाई बोळक्या तोंडानं हसली. “भय्यानं? अख्ख्या भिलाईले मागितले, अन् आपलेच द्याचे विसरला. पयलं नाव लिव त्याचं, आवडते त्याले. पण पावती नाही फाडली त्यानं.”

सिनेमा संपला.

भय्याजींना आठवलं. मेहनत तं आपलीच हाये, असं कधीतरी मनाशी म्हणून त्यांनी पावतीबुक मिटवलं होतं.

“मले वाटलं, तुमी पायलं अन् हसून सोडून दिलं,” आम्रपाली हळूच म्हणाली. “तीन दिवस मनात म्हणून राहिले, बाप असावा तं असा.”

भय्याजींनी फोन उलटा करून लॅपटॉपशेजारी ठेवला.

पाच वाजून अडतीस मिनिटांनी आकडा चारशे एकाहत्तरवर येऊन बसला आणि हलेना. दोन मिनिटं गेली. चार गेली. मग भिलाई-३ वरून नरेशचा फोन आला. नरेश भय्याजींचा भाचेजावई, रेल्वेत. फोन स्पीकरवर होता.

“मामा, यार्डात आमी पंचेचाळीस जण आपापल्या नावावर सिनेमा थांबवून बसून आहो. पण हुडकोवाले म्हणून राहिले, शेवटी काहीच नाही. ठकूबाईले विचारलं, ते बी म्हणे कोनाचं नाव नाही, उगाच नका पाहू. मंग डेटा कायले जाळू?”

आम्रपाली बापाकडे पाहत राहिली. भय्याजींना कळायला एक क्षण लागला. ज्यांनी ज्यांनी शेवट पाहिला होता, ते सगळे त्यांची अब्रू झाकत होते. जिच्या तोंडात कधी तीळ भिजला नव्हता, ती ठकूबाईसुद्धा. आणि त्या झाकण्याखाली सिनेमा गुदमरत होता.

घड्याळात पाच त्रेचाळीस. खाटेवर डाळ निवडायचा आवाज थांबला होता.

“नरेश,” भय्याजी म्हणाले, “शेवटी नाव आहे. माहं आहे.”

पलीकडे इंजिनानं शिटी दिली.

“ऐकू आलं का? वर्गणी बुडवणारा मी आहो. गिरजाबाई स्वतः सांगते. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जणांले दाखव.”

“मामा, तब्येत ठीक आहे ना?”

“तब्येतीचं सहानंतर विचार. ज्याचं नाव वर असंल त्याले नऊ मिनिटं लागते. आत्ता लावा.”

मग त्यांनी ‘वर्गणी बुडवणारा मी आहो’ हेच वाक्य फोनमध्ये बोलून विहाराच्या ग्रुपवर टाकलं.

त्यानंतरची मिनिटं भय्याजी पुढे कुणालाही सांगताना तासांत सांगतात. आकडा चारशे एकाहत्तर. पाच सत्तेचाळीसला चारशे एकाहत्तर. शेवटचा सेकंद येईपर्यंत कोणीच मोजलं जाणार नव्हतं, आणि यार्डातले पंचेचाळीस लोक पाहत आहेत की पोट धरून हसत आहेत, हे कळायला मार्ग नव्हता. आम्रपाली नखं खात होती. पाच पन्नासला चारशे शहात्तर. पाच त्रेपन्नला पुन्हा तेच. तिनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तर भय्याजींनी तिचं मनगट धरलं.

पाच चोपन्नला आकडा एकदम पाचशे तीन दिसला. मग पाचशे एकोणीस. सहाच्या ठोक्याला पाचशे अठ्ठेचाळीस.

आम्रपाली खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी जाता जाता ओरडलं, “भय्याजी, पयलं नाव छान दिसलं हो,” आणि चारपाच जण हसले. भय्याजींनी वळून पाहिलं नाही. त्यांनी आलमारी उघडली, पावतीबुक काढलं, खिशातल्या नोटा काढल्या आणि दोन्ही गिरजाबाईच्या खाटेवर ठेवलं.

गिरजाबाईनं नोटा मोजल्या नाहीत. डाळीची ताटली बाजूला सारली आणि पेन त्यांच्या हातात दिला.

“फाड पावती. अन् भय्या, तारीख आजचीच टाक.”