सर, आधी प्रश्न वाचा

मी रक्तदात्याची प्रश्नावली बोलतेय. ऐकूनच जांभई आली ना? सवय आहे मला. लोक रक्त द्यायला येतात, सुईकडे चोरून बघतात, बिस्किटांकडे उघड बघतात. माझ्याकडे मात्र कुणी बघत नाही. पेन उचलायचं आणि मला उरकून टाकायचं.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. पाठपोट छापलेला एक कागद, बत्तीस प्रश्न, प्रत्येकापुढे दोन चौकोन: होय आणि नाही. खाली सहीपुरती जागा. शाई वाळते न वाळते तोच पाचशे बहिणींसोबत माझा गठ्ठा बांधला गेला आणि आम्ही रक्तपेढीच्या लोखंडी कपाटात जाऊन पडलो. आमचे प्रश्न भोचक आहेत, हे मी कबूल करते. ताप आला होता का, कावीळ झाली होती का, गोंदवून घेतलंय का, कुठली औषधं चालू आहेत. पाहुण्यांना असं विचारलं तर ते पुन्हा पाऊल टाकणार नाहीत.

एका रविवारी आम्हाला शाळेच्या सभागृहात नेलं. बाकं भिंतीला लावून मधे खाटा मांडल्या होत्या. फळ्यावर रंगीत खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हेडसरांचं अर्धशतक’.

हेडसर म्हणजे त्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. एकोणपन्नास वेळा रक्तदान केलेला माणूस. आठ दिवसांनी त्यांना पासष्ट पूर्ण होणार होती आणि आमच्या रक्तपेढीत त्यापुढे रक्त घेत नाहीत. म्हणजे पन्नासावं झालं तर आज, नाहीतर कधीच नाही. जुने विद्यार्थी फुलांचा गुच्छ घेऊन सकाळपासून ताटकळत होते.

मी हेडसरांच्या हातात पडले. त्यांनी चष्मा लावलाच नाही. ‘नाही’च्या रकान्यात वरून खाली एक सरळ रेघ ओढली, मला उलटं केलं, मागेही तशीच रेघ, आणि खाली झोकदार सही. दहा सेकंदही लागले नसतील.

शेजारी त्यांची मुलगी तिची प्रश्नावली ओळीवर बोट ठेवून भरत होती. कॉलेजात शिकणारी, रक्तदानाची पहिलीच वेळ.

"बाबा, वाचलंत तरी का?"

"एकोणपन्नास वेळा वाचलंय."

"एकदाही वाचलेलं नाही. जन्मभर मुलांच्या कानीकपाळी ओरडलात, आधी प्रश्न वाचा म्हणून."

"ती परीक्षा असते."

"आणि ही काय गंमत आहे? दाढेचं काय लिहिलंत?"

हेडसरांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांचा डावा गाल जरा फुगलेला होता, हे मी मघाशीच टिपलं होतं. "हळू बोल. दाढ तोंडात होती, रक्त हातातून घेतात."

"मी चुगली करणार नाही," ती म्हणाली. "तुम्हीच सांगायचं. नाही सांगितलंत तर घरी गेल्यावर आपण बोलू."

हेडसरांची पिढी अशीच. औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचणार नाहीत, नव्या यंत्राचं पुस्तक उघडणार नाहीत, आणि आपण जरा चुकलो की म्हणणार, लक्ष कुठंय तुझं?

हिरव्या पडद्याआड डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. याच शाळेतून शिकून गेलेल्या. सर आत येताच त्या उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला वाचलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबत होत्या.

"सर, पहिला प्रश्न, आज बरं वाटतंय का? तुम्ही म्हणताय, नाही. काही खाल्लंय का? नाही. रात्री झोप झाली का? नाही. रक्त स्वखुशीने देताय का?"

"त्यालाही नाही?"

"त्यालाही नाही. तुम्हाला इथे कुणी धरून आणलंय का, सर?"

हेडसरांनी खिशातून चष्मा काढला. मला जवळ धरलं आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांचे पेपर तपासलेला तो माणूस स्वतःचा पेपर बघून खाली बसला. "शून्य मार्क," ते पुटपुटले.

"कोरी देऊ का दुसरी?"

"नको. हिच्यावरच दुरुस्ती करू."

मग एकेक प्रश्न त्या विचारत गेल्या, उत्तर बदलत गेलं, प्रत्येक बदलाशेजारी सरांनी सही केली. अकराव्या प्रश्नाशी गाडी अडली. ‘अलीकडे दात काढला आहे का?’ पडद्यापलीकडून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी गुच्छावर पाणी शिंपडायला सांगत होतं. हेडसरांचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर इतका घट्ट रुतला की तिथे चुणी पडली.

"चार दिवसांपूर्वी," ते म्हणाले. "दाढ. गोळ्या चालू आहेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सर, जखमेतून जंतू रक्तात उतरू शकतात. तुमच्या अंगात ते टिकायचे नाहीत. पण ज्याला हे रक्त चढेल, त्याच्यात तेवढी ताकद असेलच असं नाही."

"मग लिही ना. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?"

त्यांनी लिहिलं. या वेळी अपात्र.

सर बाहेर आले. विद्यार्थी गुच्छ पुढे करून उभे होते. "एकोणपन्नासवर परतलो रे," सर म्हणाले. "पंचांनी बोट वर करायच्या आत स्वतःहून निघालो. फुलं पाण्यात ठेवा." मुलीने त्यांच्यासाठी चहा आणला, तोही गार करून.

चहा संपल्यावर हेडसरांनी नोंदणीच्या टेबलाशी खुर्ची ओढली. समोर येईल त्याला प्रश्नावली मोठ्याने वाचायला लावली. टक्कल पडलेले, पोट सुटलेले विद्यार्थी मुकाट्याने वाचत होते. दुपारपर्यंत त्यातले तिघे आपणहून परत फिरले. एकाला परवाच ताप येऊन गेला होता, दोघांच्या गोळ्या चालू होत्या. मुलीने रक्त दिलं आणि बापाला म्हणाली, "हे तुम्ही तीस वर्षांपूर्वी सुरू करायला हवं होतं." सर म्हणाले, "बरं, पुढचा." 

आता मी रक्तपेढीच्या फाइलीत आहे. नियमाप्रमाणे मला बरीच वर्षं जपून ठेवतील. माझी एक बहीण कधीतरी तुमच्याही हातात येईल. चष्मा लावा, बसा, तिला पूर्ण वाचा आणि खरं ते लिहा. परत पाठवलं तर मान खाली घालू नका.

फाइलीतल्या इतर जणींच्या कोपऱ्यावर रक्ताच्या पिशवीचा क्रमांक चिकटवलेला आहे. माझा कोपरा कोरा, वर चुणी पडलेली. त्या मला डिवचतात, "तुझ्यामुळे वाचलं का कुणी?"

मी म्हणते, वाचलं असेल. कोण ते मला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही. असेल कुठेतरी, बरा होऊन घरच्यांशी भांडत असेल.