भोंग्याचा खुलासा

वेल्डरनं करवतीचं पातं तिसऱ्यांदा जोर लावून घासलं, तेव्हा कुठं लॉकरची कडी तुटली आणि कुलूप त्याच्या बुटावर पडलं.

"किल्ली सापडलीच नाही हो," वहिनी म्हणाल्या. "सगळे खिसे पालथे केले."

"कुणाला तरी ठेवायला दिली असेल," वेल्डर म्हणाला. " आणि कुणाला दिली ते विसरला असेल."

वहिनी म्हणजे भोंग्याची बायको. आणि भोंगा म्हणजे शेड दोनचा क्रेनवाला. क्रेन चालवणाऱ्यानं वर छपराखालच्या केबिनमध्ये बसायचं, वजन उचलायचं, आणि खालच्यांना घंटा वाजवून सावध करायचं. ह्या गड्यानं अठ्ठावीस वर्षांत घंटेला हात लावला नाही. "ओ जावईबापू, सरका, डोक्यावर तीन टन येतायत!" असं वरून ओरडला की माणूस सरकायचाही आणि हसायचाही. जाऊन तीन आठवडे झाले त्याला. गेला तोही बोलता बोलता. घरी धाकट्या मुलीला काहीतरी सांगत होता, "आणि मग काय झालं माहितेय का," इथपर्यंत आला, आणि पुढचं राहिलं ते राहिलंच.

ऑफिसातून निरोप होता, दुपारच्या आत लॉकर रिकामा करा, नवीन माणसाला द्यायचाय. वेल्डर सकाळपासून त्याच एका निरोपावर धुमसत होता. अठ्ठावीस वर्षं माणूस इथं राबला आणि ह्यांचं अडलंय काय, तर एक पत्र्याचा डबा.

लॉकरमध्ये फार काही नव्हतं. कान तुटलेला मग, फणी, साबणाचा तुकडा. दाराच्या आतल्या बाजूला तिन्ही मुलींचे शाळेतले फोटो, दरवर्षीचे, खालून वर चिकटवत नेलेले. थोरली आणि मधली ते बघायला पुढं वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. तळाशी सुतळीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. वेल्डरनं वरचा कागद वाचला आणि नाकातून आवाज काढला.

"काय आहे?" धाकटीनं विचारलं.

"मेमो. साहेबलोकांनी तुझ्या बापाला लिहिलेली प्रेमपत्रं." त्यानं गठ्ठा काखेत मारला. "चला, वर खोळंबलेत सगळे."

वर कँटीनमध्ये शोकसभेसाठी टेबलं भिंतीला लावली होती. दोन्ही पाळ्यांची माणसं दाटीनं उभी होती, बाजूच्या कारखान्यातलेही काही आले होते. साहेब नवीन, दीड वर्षापूर्वी आलेला. त्याच्या हातात काचेची चौकट होती, आणि तो तिच्यातलंच वाचत होता.

"शेड क्रमांक दोनमधील आपले क्रेनचालक हे एक शांत, शिस्तप्रिय व मितभाषी कर्मचारी म्हणून सर्वांना परिचित होते."

कुणीतरी खोकलं. फिटर आपल्या बुटांकडे बघायला लागला. थोरलीनं आईकडे पाहिलं, आईनं हातातल्या मगाकडे.

"ही आठवण कुटुंबानं घरी लावावी," साहेब म्हणाला आणि चौकट वहिनींपुढं धरली.

वेल्डरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उद्या ह्या पोरींची लग्नं होतील, पोरंबाळं होतील, आणि एखादं कार्टं भिंतीकडे बोट करून विचारेल, आजोबा कसे होते? मग कुणीतरी काचेवरची धूळ पुसून वाचेल, मितभाषी.

"साहेब, थांबा जरा," तो म्हणाला. "हा कागद कुणाचा आहे?"

"कुणाचा म्हणजे?"

"म्हणजे आमचा माणूस ह्यात दिसत नाही. दुसऱ्या कुणाचा चुकून आला का?"

साहेबानं कारकुनाकडे पाहिलं. कारकून म्हणाला, "अहो, मजकूर ठरलेला असतो. सगळ्यांना तोच. गेल्या वर्षी पेंटर गेले, त्यांनाही हाच होता."

"पेंटर जन्मापासून मुका होता. त्याला चालला."

मागं दोघंतिघं फिसकन हसले आणि गप्प झाले. वेल्डर हसला नव्हता.

"अठ्ठावीस वर्षं तो तुमच्या डोक्यावर बसून बोलत होता. आणि तो गेल्यावर तुम्ही त्याच्या बायकोच्या हातात मुक्याचा कागद देता? शब्द बदला साहेब. हा असा घरी जाणार नाही."

"बदलू ना," साहेब सांभाळून घेत म्हणाला. "पण ऑफिसचा शिक्का आहे त्याच्यावर. उगाच कुणी सांगितलं म्हणून..."

"रेकॉर्डला काहीतरी लागतं," कारकुनानं पुस्ती जोडली. "लेखी."

"लेखी पाहिजे होय," वेल्डर म्हणाला, आणि काखेतल्या गठ्ठ्याची सुतळी त्यानं दातानं तोडली.

वाचायची त्याला फारशी सवय नव्हती. एकेका शब्दावर बोट ठेवत, पण मोठ्यानं, त्यानं सुरुवात केली.

"सदर कर्मचाऱ्याने बॉयलर विभागात घुसून, सुटीच्या चाळीस मिनिटे आधी कारखान्याचा भोंगा तीन वेळा वाजवला. त्यामुळे दोनशे दहा कामगार गेटबाहेर पडले. खुलासा करावा." त्यानं मान वर केली. "आता खाली त्याच्या अक्षरात. खुलासा: तिसरी मुलगी झाली. पहिल्या दोघींच्या वेळी वाजवला नव्हता, ते मनात राहून गेलं होतं. म्हणून तीनदा."

धाकटीनं तोंडावर हात ठेवला. सगळं कँटीन तिच्याकडे बघत होतं. बापाला भोंगा हे नाव पडलं ते त्याच दिवशी.

"पुढचा. क्रेन थांबवून, खालील मोल्डरच्या आईच्या गुडघ्याची विचारपूस करण्यात सात मिनिटे घालवली. खुलासा: विचारायला मला एकच मिनिट लागलं. सहा मिनिटं तो सांगत होता. त्यालाही मेमो द्यावा."

"दिला होता," मागून मोल्डर म्हणाला.

आता हसू दाबायची कुणाला गरज वाटेना.

"कामाच्या वेळेत ऑफिसच्या फोनवरून पत्नीशी संभाषण केले. खुलासा: सकाळी भांडून आलो होतो. तसाच वर चढलो असतो तर साचा कुणाच्या तरी पायावर बसला असता. बोलल्यावर नीट बसला."

"खोटं आहे," वहिनी म्हणाल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज असा खणखणीत आला. "फोनवर पण भांडलेच होते. वर म्हणाले, लवकर आवर, मागं रांग लागलीय."

साहेबाच्याही ओठाचा कोपरा हलला. वेल्डरनं ते पाहिलं आणि तो आणखीच भडकला.

"हसू नका साहेब. वर्षानुवर्षं तुमच्या ऑफिसनं ह्याला लिहून लिहून कळवलं, तोंड बंद ठेव. तो ऐकेना. आणि आता कायमचं बंद झालं, तर काच लावून कौतुक करता?"

साहेबानं चौकट कारकुनाच्या हातात दिली आणि म्हणाला, "उघडा ती."

"काका, अजून एक राहिलाय," धाकटी म्हणाली.

वेल्डर रंगात आला होता. त्यानं शेवटचा कागद झटकून सरळ केला.

"सदर कर्मचाऱ्याने क्रेनवरून मोठ्याने ओरडून, एक सहकारी वरच्या ग्रेडच्या परीक्षेत नापास झाल्याचे संपूर्ण शेडला जाहीर केले. याबाबत लेखी तक्रार आलेली आहे. सात दिवसांसाठी निलंबित का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. तक्रारदार..."

त्याचं बोट पुढच्या शब्दांवर गेलं आणि तिथंच थांबलं. मग बोटाच्या जागी अंगठा आला.

तक्रारदार, शेड क्रमांक दोनचा वेल्डर. तेव्हाही आणि आत्ताही शेड दोनला वेल्डर एकच.

सोळा वर्षं झाली. त्यानं अर्ज लिहिला होता, घामेजल्या हातानं, फोरमनच्या खोलीत बसून. नाव बाहेर जाणार नाही, फोरमननं पोराबाळांची शपथ घेऊन सांगितलं होतं. "आपला वेल्डर नापास झालाय रे," असं भोंगा वरून ओरडला होता, हे खरंच. "तपासणारा आंधळा दिसतोय, त्याला आधी चष्मा द्या!" असंही लगेच ओरडला होता. अर्जात वेल्डरनं पहिलं वाक्य लिहिलं होतं, दुसरं लिहिलं नव्हतं. आठव्या दिवशी भोंगा कामावर आला, जेवणाच्या सुटीत बाकड्यापाशी येऊन "सरक" म्हणाला, आणि शेजारी बसून त्यानं डबा उघडला. रोजच्यासारखा.

"काय झालं काका? अक्षर लागत नाहीये का?" धाकटीनं त्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. वरचा टाइपचा ठसा पुसट होता, पण खाली बापाचं अक्षर ठसठशीत होतं. तिनं तेवढंच वाचलं, आणि आवाज बापाचाच होता तिचा, शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

"खुलासा: तक्रार बरोबर आहे. मी तोंड आवरायला हवं होतं. सात दिवस कबूल. फक्त तक्रार कुणी केली हे मला कळलंय, हे त्याला कळू देऊ नये. आम्ही डबा शेजारी बसून खातो. त्याला घास गिळायला जड जाईल."



"सात दिवस," वहिनी हळू म्हणाल्या. "घरी होते तेव्हा. मला म्हणाले, साहेब खूश झालेत, सुटी दिलीय. सातही दिवस थोरलीच्या सायकलमागं पळत होते."

"पण तक्रार केली कुणी?" थोरलीनं विचारलं.

वेल्डरनं अंगठा उचलला आणि कागद वहिनींच्या हातात दिला.

वहिनींनी ती ओळ वाचली. मग वेल्डरकडे पाहिलं, बराच वेळ. त्यानं नजर खाली केली नाही. त्यांनी कागदाची बारीक घडी घातली आणि मगात खोचली.

"जाऊ दे," त्या थोरलीला म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं नाही, आपण कशाला विचारायचं."

कारकुनानं तोवर चौकटीच्या मागचे खिळे काढून कागद टेबलावर ठेवला होता. पेनाचं टोपण उघडून तो तयार होता.

"हं, सांगा काय काय काढायचं ते. नवीन छापून घेतो."

वेल्डर टेबलापाशी आला. कागदाकडे बघत राहिला. आता त्याचा राग साहेबावर नव्हता, कारकुनावर तर नव्हताच. सोळा वर्षं, रोज दुपारी, कोपराला कोपर लागेल एवढ्या अंतरावर. ह्याच्या गुडघ्याचं, त्याच्या जावयाचं, अख्ख्या दुनियेचं बोलत होता लेकाचा, त्या एका अर्जाचं सोडून.

"शांत काढ," तो म्हणाला.

कारकुनानं रेघ मारली.

"शिस्तप्रिय काढ."

कारकुनानं दुसरी रेघ मारली आणि पेन तिसऱ्या शब्दावर, मितभाषीवर नेलं.

"तो राहू दे," वेल्डर म्हणाला.